स्पिरिटचा बोळा

नवीन जालना
१९ जानेवारी

अंजू,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तू म्हणशील, आता कुठली आलीय प्रिय. तुझा नंबर लावला की बारा दिवस झाले तीच बाई सांगते, व्यस्त आहे, व्यस्त आहे. एवढी व्यस्त तू परीक्षेतही नव्हतीस. ब्लॉक केलंयस हे कळतं मला. म्हणून हे पत्र, पाकिटावर बाबांचं नाव घालून. कागद म्हणून कानातले टाचायला तू कापून ठेवलेली कोरी कार्डंच घेतली आहेत, कडा नागमोडी कातरलेली. घरात दुसरा धड कागद नाही. तुझ्या भाचीनं, आकांक्षानं, सगळ्या वह्यांत हत्ती काढून ठेवलेत.

त्या नंदाबाईची मला किळस येते, अंजू. नाव काढलं तरी तोंडात पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं ना, तसलं. तू आत होतीस म्हणून तुला दिसलं नसेल. चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून तळाला गेलं. तर बाईनं बोट घालून काढलं, खाल्लं, बोट चाटलं, आणि तेच बोट पुढे करून आपल्या कानातल्यांच्या पांढऱ्या क्लेच्या लादीवर दाबून बघितलं. "मऊ हाय की हो!" म्हणे. पांढरी क्ले! जिच्यावर धुळीचा कण नको म्हणून आपण पंखा बंद करून घामानं भिजत बसायचो. ती लादी मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली.

आणि अशा बाईला तुझ्या हातांची किळस यावी!

झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं एकदा लिहू दे. संक्रांतीच्या वाणाला तिला एक्कावन्न जोड हवे होते, मोसंबीच्या चकतीचे कानातले. छंद म्हणून चाललेलं आपलं काम, एवढं मोठं कधी कुणी मागितलं नव्हतं, म्हणून मी हुरळले. मोसंबी तुझीच. मी आयुष्यात चौकोन आणि गोल यापलीकडे गेले नाही. फोडी, वर पांढरी साल, वर हिरवी, सगळं जोडून तू क्लेची वळकटी केलीस, ती लाटून बोटाएवढी बारीक केलीस आणि ब्लेडनं कापलीस, तर प्रत्येक चकतीत अख्खी मोसंबी! तुझा दाजी बिभीषणसुद्धा ऑफिसचे बूट न काढता बघत उभा राहिला होता. त्याच्या बियाणांच्या कंपनीत पाकिटांवर छापतात ती मोसंबीही एवढी खरी दिसत नाही म्हणाला.

सहा तारखेला ती न सांगता आली. तू टेबलाशी चकत्या कापत होतीस. नंतर तू आत गेलीस पाणी आणायला, पण तोवर तिनं तुझे हात बघितले होते. मनगटापर्यंत कोड, लपणार कसं. ती म्हणाली, "अगं बाई! ह्या हातानं केलं व्हय? हे कानात घालायचं असतंय ना वो? सवाशिणींना वाटायचंय मला."

मी गप्प राहिले. चूक म्हण, एवढीच. त्या क्षणी काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू भोकरदनच्या गाडीनं निघून गेलीस. बिभीषण स्टँडवर सोडायला आला तर त्यालाही नको म्हणालीस. तू न भाजता ठेवलेले वीस जोड टेबलावर तसेच आहेत, मोठी परात पालथी घालून झाकलेत. भाजून टाकू का? की तू येऊन भाजतेस? कळव.

तुझी ताई


नवीन जालना
२७ जानेवारी

अंजू,

आईचा फोन आला होता. म्हणाली, "पत्र वाचलं तिनं. दोनदा वाचलं. मंग पिठाच्या डब्यामागं ठिवलं." मी विचारलं, काही बोलली का? तर आई म्हणे, "म्हनली, ताई अजून खोटं बोलून राह्यली."

बरं. मी गप्प राहिले नव्हते.

तू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होतीस का तेव्हा? मला वाटलं होतं आतच आहेस. मला अजून वाटत होतं की तू फक्त तिचं ऐकलंस. कसला मूर्खपणा. आपलं घर केवढं, तर दोन खोल्या आणि मधे पडदा.

नंदाबाईनं विचारलं, "कोन हाय ही?" आणि मी म्हणाले, "कामाला येते. कार्डं कापायला. कानातल्यांना हात लावत न्हाई ती बिलकुल."

लिहिलं. वाचून बघितलं तर अक्षरही माझं वाटत नाही.

आईनं फोन बाबांकडे दिला. बाबा कधी फोनवर बोलतात का? मेंढरांच्या मागे आयुष्य गेलं, ओरडून बोलायची सवय, फोन कानाला लावला की पाचोडपर्यंत ऐकू जातं. त्या दिवशी हळू बोलले. म्हणाले, "रेणे, आपल्या खांडात ती कबरी मेंढी व्हती, ध्यानात हाय? पांढऱ्या ठिपक्याची? तिचं दूध तू लहानपनी रोज पिलीस. वायलं, येगळं लागलं का कधी?" मी म्हणाले नाही. "मंग," म्हणाले, आणि फोन ठेवला. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन उलट बोलले असते.

का म्हणाले मी तसं? ऑर्डर जाईल म्हणून? ते तर आहेच. पण खरं कारण आणखी घाण आहे. मला त्या बाईसमोर लाज वाटली. कॉलनीत राहायला येऊन पाच वर्षं झाली, इथं आपण कुठल्या, काय, कुणाला सांगितलेलं नाही. बिभीषणचे वडील मेंढरं राखायचे हेसुद्धा मी 'शेती आहे' म्हणून उडवते. त्यात आणखी एक लाज नको होती मला. तुला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पहिला ठिपका उठला तेव्हा आईला मीच सांगितलं होतं ना, की हे लागत नाही, हा रोग नाही, रंग जातो फक्त. तुझी दोन स्थळं परत गेली तेव्हा त्या लोकांना मी दारात उभं राहून अडाणी म्हणाले होते. बोलण्यात मला कुणी हरवणार नाही.

नंदाबाईची ऑर्डर रद्द करायला हवी होती. केली नाही. तुझी उरलेली वळकटी होती, तिच्या चकत्या कापून वीस जोड मी केले. दाब कमीजास्त झाला, मोसंब्या वाकड्या आल्या, एक तर पपईसारखी दिसते. परातीखालच्यांना हात लावला नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

रविवारी तिच्याकडे हळदीकुंकू आहे. मला बोलावलंय. जाऊ नको म्हणशील. मलाही जायचं नाही.

ताई


नवीन जालना
३ फेब्रुवारी

अंजू,

गेले होते.

काय सांगू. हॉलमध्ये चाळीस बायका, एसी लावलेला, आणि तरी अत्तर, मोगरा, तळणाचा वास, कुणाच्या तरी जरीच्या साडीतला डांबरगोळ्यांचा वास, सगळं एकमेकांत कालवलेलं. वाणाच्या ताटात आपली कार्डं, त्यांना टाचलेल्या मोसंब्या. बायका हावरटासारख्या निवडत होत्या. वाण कधी निवडतात का? हातात पडेल ते घ्यायचं. पण माझे वाकडे वीस बाजूला सारत होत्या आणि तुझे शोधून उचलत होत्या. एकीनं तर तिथल्या तिथे कानातली काढून तुझी घातली.

नंदाबाईनं मला मधे उभं केलं. खांद्यावर हात ठेवला. तो हात मला ब्लाउजमधून ओला लागला. म्हणाली, "ह्या आमच्या रेणूताई. सगळं ह्यांनी सोता केलंय बरं का. एकदम शुद्ध हाताचं. मी डोळ्यानं बघितलंय."

टाळ्या पडल्या, अंजू. आणि मी हसले. काही सांगायचं म्हणून गेले होते, खरंच. रिक्षात बसून वाक्य पाठ केलं होतं, 'हे माझ्या बहिणीनं केलंय, अंजू नाव तिचं.' साधं वाक्य. आकांक्षा पण म्हणेल. तोंड उघडलं आणि म्हणाले, "आवडलं ना सगळ्यांना?" तिळगूळ हातात दिला होता, तो तोंडात धरूनच निघाले. बाहेर येऊन गटाराशी थुंकले. मग तिथेच उलटी झाली. वॉचमननं पाण्याची बाटली आणून दिली.

मला वाटलं होतं, मला त्या बाईची किळस आली. गटाराशी वाकले होते तेव्हा कळलं, तिची नाही.

आता ते लिहिते जे दोन पत्रांत लिहिलं नाही. तू वाट बघत असशील ते कधी लिहिते याची. की आता बघतही नसशील.

क्ले भाजायच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवून बोटांचे ठसे पुसायचे, हे पहिल्याच दिवशी मी तुला शिकवलं. ठसा राहिला की माल हातचा न वाटता पोरखेळ वाटतो, असं मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. तेव्हापासून तू करायचीस आणि मी पुसायचे. हजारदा पुसलं असेल. तुला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण मी माझे ठसेही तसेच पुसायचे.

त्या दिवशी नंदाबाई म्हणाली, "तसं असंल तरी एकदा साफ करून द्या बरं. माझ्या समोर." आणि मी बाटली काढली, कापूस काढला, आणि पुसायला बसले.

पण भाजलेले एकतीस जोड पुसले, अंजू. भाजलेले. ओव्हनमधून निघाल्यावर ठसा दगडासारखा पक्का होतो, स्पिरिटच काय, घासणीनं जात नाही. हे मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. त्या बाईला माहीत नव्हतं. ती खूश झाली. पण तू दारात तांब्या घेऊन उभी होतीस आणि तुला दिसलं की मी ठसे पुसत नाहीये. तुला पुसते आहे. एक एक करून, बासष्ट चकत्या. पुढून, मागून.

आणि ती गेल्यावर मी मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. दोनदा. स्पिरिटचा वास जावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

ताई


नवीन जालना
१४ फेब्रुवारी

अंजू,

हे पत्र लिहायची खरं तर माझी लायकी नाही. पण फोन तू घेणार नाहीस, आणि बाबांच्या तोंडी निरोप दिला तर त्यांना पुन्हा त्या डेअरीवर जावं लागल्यासारखं होईल.

तो व्हिडिओ मी काढून टाकला. आज सकाळी, बाबांचा फोन आल्याबरोबर.

मला वाटलं होतं मी काहीतरी मोठं करते आहे. दिवाळीत काढलेला व्हिडिओ, तू वळकटी कापतेस तो. आपण व्हिडिओ टाकायचो तेव्हा तुझे हात दिसणारे तुकडे मी कापायचे आणि शेवटी माझ्या हातात कानातले धरून दाखवायचे, हे तुला माहीत होतंच. तू म्हणायचीस, "काप ना, मला काय." या वेळी न कापता सगळा टाकला. वर लिहिलं, 'माझ्या बहिणीचे हात, माझा अभिमान.' लिहिताना रडूही आलं मला. काय सुंदर रडले!

दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी बघितला. बदाम, टाळ्या, हात जोडलेले. एकानं लिहिलं, देवानं स्वतः रंगवलेले हात. तीर्थपुरीच्या एका बाईनं लिहिलं, तुमच्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो. तुमच्यासारखी म्हणजे माझ्यासारखी! ते मी पाच-सहा वेळा वाचलं. भाजी करपली, बिभीषण ओरडला, तरी फोन ठेवला नाही. एवढं गोड खाल्ल्यासारखं वाटत होतं.

मग बाबा. "डेअरीवर पोरं तुझा तो पिच्चर बघून राह्यलीत. माझ्याकडं बघत्यात, मंग फोनकडं बघत्यात. अंजी दोन दिस झाले भाईर आली न्हाई. म्हनती, मला इचारलं व्हतं का?"

विचारलं नव्हतं. मनातही आलं नाही विचारायचं. आधी तुझे हात लपवले ते न विचारता, आता दाखवले तेही न विचारता. तुझे हात म्हणजे जणू टेबलावरचा कटर, मी वाटेल तेव्हा डब्यात ठेवीन, वाटेल तेव्हा काढीन.

तुला सगळं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते. काढून टाकण्याआधी मी एकदा बघितलं, आकडा कुठवर गेलाय. बाबांचा फोन नुकताच ठेवला होता. तरी बघितलं. एक्केचाळीस हजार सहाशे. तेव्हा माझं मलाच वाटलं, ह्या बाईला हातभर लांबून चिमट्यानं उचलून बाहेर टाकावं.

नंदाबाईचा फोन आला होता परवा, व्हिडिओ बघून. "फसवलं तुम्ही आमाला. आता त्या सवाशिणी मला काय म्हनतील?" मी म्हणाले, "कानात घालून दहा-बारा दिवस झाले ना त्यांना? कुणाचा कान गळून पडला का?" म्हणाले आणि फोन आपटला. तुला सांगायला बरं वाटतंय, पण फार उशिरा म्हणाले हे मलाही कळतं. आणि जिला म्हणायला हवं होतं तिच्यासमोर नाही म्हणाले.

रेणू


नवीन जालना
२० फेब्रुवारी

अंजू,

हे शेवटचं कोरं कार्ड. यानंतर कापायला कुणी नाही.

आई म्हणाली, मागच्या पत्रानंतर तू तिला एवढंच विचारलंस, "ताईनं कपाचं लिहिलं का कुठं?" आईला कळलं नाही कसला कप. ती मला विचारत होती, "चांदीचा बिंदीचा हाय का काही?"

मला कळलं.

तीन वर्षं तू माझ्या घरी राहिलीस. पहिल्याच आठवड्यात मी एक कप बाजूला काढला, पिवळा, कान तुटलेला. तुला त्यातच चहा दिला. दुसऱ्या दिवशीही. मग तो तुझाच झाला. मांडणीवर वरच्या फळीवर, एकटा. घासताना सगळ्यांत शेवटी. मी कधी म्हणाले नाही की हा वेगळा कप आहे, आणि तू कधी विचारलं नाहीस. 'मावशीचा कप' म्हणायची आकांक्षा, किती लाडाचं वाटायचं ऐकायला. लाडच आहे असं मी स्वतःला पटवलं होतं. मग गेल्या उन्हाळ्यात तिनं त्यातून दूध प्यायला घेतलं आणि मी तिच्या तोंडातून तो ओढला. दूध फरशीवर सांडलं. मी म्हणाले, "कान तुटलाय, लागेल तिला." तू फडकं आणून पुसलंस. माझ्याकडे बघितलंस फक्त, आणि मी जाऊन भाजी चिरायला लागले.

बारावीच्या पुस्तकात होतं हे लागत नाही म्हणून. मी पाठ केलं होतं, आईला समजावलं होतं, पाहुण्यांना सुनावलं होतं. आणि घरात माझा हात आपोआप वरच्या फळीकडे जायचा. नंदाबाई निदान तोंडावर बोलली. मी तीन वर्षं तुला रोज दोनदा, आलं घालून, साखर बरोबर घालून, तुझी किळस पाजली.

तू स्पिरिटमुळे गेली नाहीस. स्पिरिट बघितल्यावर तुला कपाची खात्री पटली, म्हणून गेलीस.

सोमवारपासून मी त्या कपातून पिते आहे. पहिल्या दिवशी कप तोंडाशी नेला आणि थांबले. थांबले, अंजू. सगळं कळत असून, एवढी पत्रं लिहून झाल्यावर, तोंड थांबलं. मग प्यायले. चहा चहासारखा लागला. दुसऱ्या दिवशीही जरासं थांबले. आज थांबले की नाही आठवत नाही, गाडी चुकेल म्हणून बिभीषणचा डबा भरत होते. हे तुला माफीसाठी सांगत नाही. थांबले होते हे तुला कळायला हवं, म्हणून सांगते.

रविवारी सकाळच्या भोकरदनच्या गाडीनं पिंपळगावला, घरी येते. एकटी. परातीखालचे वीस जोड डब्यात कापूस घालून आणते आहे. अजून मऊ आहेत, भाजल्याशिवाय ते कडक होत नाहीत. मी पुसलेले नाहीत. उजेडात धरले की प्रत्येकावर तुझा अंगठा दिसतो, मधोमध, रेघ न् रेघ. भाजायचे तर भाज. मळून गोळा करायचा तर तसं कर. त्यांचं काय करायचं हे मी ठरवणार नाही.

घरात घेतलं नाहीस तर ओट्यावर बसेन आणि दुपारच्या गाडीनं परत येईन. आईला मधे पडू देऊ नकोस.

कपही आणते आहे, साडीत गुंडाळून. फोडायचा असेल तर तुझ्या हातानं फोड, मी तुकडे वेचीन. नाहीतर त्यातच मला चहा दे.

रेणू